बिअर गेम, पण बिअर नाही!

आज वर्गात बिअर गेम. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला जुना खेळ. नुसत्या चिठ्ठ्या आणि सोंगट्या. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशी साखळी, प्रत्येक जण आपल्या वरच्याकडे चिठ्ठीने माल मागवतो. आपसात बोलायचं नाही. सुरुवातीला प्रत्येकाकडे बिअरच्या १२ पेट्या, म्हणजे सोंगट्या. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, थकलेल्या (मागितली पण देता न आलेल्या) पेटीला एक.

गिऱ्हाईक चार आठवडे ४ पेट्या मागतं, पाचव्यापासून ८. बस्स, पुढे बदल नाहीच! पण चिठ्ठी वर पोचायला दोन आठवडे, माल उतरायला आणखी दोन. तोवर दुकानदार घाबरून जास्त मागवतो, वरचे त्याहून जास्त. शेवटी सगळा माल एकदम अंगावर येतो. खरी गोची म्हणजे, मागवलेला पण वाटेत असलेला माल कोणी मोजतच नाही. ऑर्डरआधी हातातला साठा अधिक वाटेतला, वजा थकलेल्या पेट्या, एवढं चिठ्ठीमागे खरडलं तरी निम्मा गोंधळ टळतो.