दिवे घाट, सुई-दोरा आणि पप्पांचा फोन

यंदा पहिल्यांदा माऊलींच्या पालखीसोबत चालले, पुणे ते सासवड. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे, त्यातला माझा हा एकच टप्पा, तीसेक किलोमीटरचा, पण दिवे घाट त्यातच येतो. मी वारकरी नाही. घर आमचं ख्रिस्ती, नगरचं, चार पिढ्यांचं. बाप्तिस्मा, रविवारची उपासना, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, सगळं झालंय.

तीन वर्षांपूर्वी मम्मी गेली आणि आमच्या पाळकांनी सांगितलं की इतकं रडणं म्हणजे विश्वास कमी पडतोय. ते वाक्य मला गिळताच आलं नाही. त्याच दिवसांत 'ताओ ते चिंग' हे जुनं चिनी पुस्तक हाती आलं, छोटे छोटे ८१ अध्याय, आणि आठव्यात पाण्याबद्दल होतं, की ते सगळ्यांच्या उपयोगी पडतं, कुणाशी झगडत नाही, लोकांना नको वाटणाऱ्या खालच्या जागी जाऊन थांबतं आणि म्हणून ताओच्या, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या वाटेच्या, जवळ असतं. मी ते वाचून पोटभर रडले आणि तिथे मला कुणी विश्वास किती आहे ते विचारलं नाही. हळूहळू चर्च सुटलं.

दिंडीत हे लपवलं नाही. हडपसरच्या पुढे विणेकरी काकांनी विचारलं, कुठल्या गावच्या, माळ नाही का घातली, मग मी सांगत गेले आणि आजूबाजूचे चार-पाच जण ऐकत चालले. एक इंजिनिअर पोरगा म्हणाला, ताई म्हणजे तुम्ही नास्तिकच की. मी म्हटलं नाही रे, ज्यातून सगळं येतं आणि ज्यात परत जातं ते आहेच, फक्त त्याला नाव दिलं की ते पूर्ण ते राहत नाही, एवढंच पहिल्या अध्यायात आहे. काका म्हणाले, "माऊली, तुमचं ते बिननावाचं आमच्या डोक्यावरून जातं. घाटात दम लागल्यावर तोंडात काय घेणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. लोक पटकन म्हणतात की सगळे धर्म शेवटी एकच, मला ते पटत नाही. काकांना विटेवरचा सावळा विठ्ठल पाहिजे आणि नाम पाहिजे, माझ्या ताओला रूपही नाही आणि तो हाकेला ओ पण देत नाही. हा फरक खराच आहे. पण अर्ध्या घाटात, पुढे रथाला जोडलेल्या बैलजोड्या आणि मागे टाळांचा लोट, मीसुद्धा 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' म्हणत होते, मनापासून म्हणत होते, हेही खरंच आहे.

सासवडला पोचेपर्यंत टाचेला हा एवढा फोड. दिंडीतल्या परभणीच्या आजींनी पाय मांडीवर घेतला, सुई पेटत्या काडीवर धरली, दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढला आणि दोरा आतच ठेवला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरायला लागलं. "कातडं वढायचं न्हाई, पाण्याला वाट द्यायची, ते आपलं आपण जातं."

तेवढ्यात पप्पांचा फोन, स्पीकरवरच घेतला.

"मूर्तीपूजेत गेलीस का गं?" टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले, ते स्वतः म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि पप्पांना वाटतं मी त्या पुलावरून उलटी निघालेय. मी म्हटलं पप्पा, १९१९च्या चिनी बायबलमध्ये योहानाचं पहिलं वचन बघा, आपल्याकडे 'प्रारंभी शब्द होता', तिथे शब्दाच्या जागी ताओच आहे.

पप्पा बराच वेळ गप्प. मास्तर माणूस, उत्तर दिल्याशिवाय सोडणार नाही. म्हणाले, "चौदावं वचन वाच. शब्द देही झाला. तुझा ताओ देही होतो का? रडणाऱ्याजवळ येऊन बसतो का?"

"नाही पप्पा."

"मग तिथे आपण वेगळे."

"हो, तिथे वेगळे."

मम्मी गेल्यापासून आम्ही या विषयावर पहिल्यांदाच इतकं बोललो, तेही आवाज न चढवता. मग ते म्हणाले, पायाला काय झालंय, आवाज दुखल्यासारखा येतोय. मी काही बोलायच्या आत आजी फोनकडे वाकल्या, "बाबा, फोड हाय, दोरा घातलाय. उद्या हितंच मुक्काम हाय, परवा जेजुरीपत्तूर चालंल पोरगी."

"मी एकच दिवस चालणार होते आजी," मी म्हटलं.

"जा गं," पप्पा म्हणाले, "फक्त कातडं काढू नको."