मेलबर्नच्या बोळांतली कॉफी

मेलबर्नच्या मध्यवस्तीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांना समांतर एकेक धाकटा रस्ता आहे. बर्क स्ट्रीटच्या शेजारी लिटल बर्क, कॉलिन्सच्या शेजारी लिटल कॉलिन्स. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल या सर्वेक्षकाने शहराची चौकट आखली, तेव्हा हे धाकटे रस्ते मोठ्या इमारतींच्या मागच्या दारांसाठी होते. पुढे त्यांना फाटे फुटले आणि शहरभर बोळांचं जाळं झालं. बराच काळ तिथे मालाच्या गाड्या आणि कचऱ्याचे डबे एवढंच असायचं. आज या शहरातली उत्तम कॉफी याच बोळांत मिळते. हिशेब सरळ आहे. दुकान इवलंसं, त्यामुळे भाडं झेपणारं आणि दोघातिघांत चालवता येणारं. मोठ्या साखळी कंपनीला असल्या जागेत शिरावंसंच वाटत नाही.

मी उतरलो होतो टार्नीटला, दादा-वहिनींकडे. हे पश्चिमेकडचं उपनगर, भारतीय वस्ती भरपूर. वहिनींची नोकरी सिटीत. सोमवारी सकाळी त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याबरोबर सातच्या आसपासच्या गाडीने चला. आधी तुम्हाला चांगली कॉफी पाजते, मग दिवसभर तुम्ही मोकळे." गाडी सदर्न क्रॉस स्टेशनात पोचली आणि तिथून चालत आम्ही लिटल बर्क स्ट्रीटवरच्या 'पॅट्रिशिया कॉफी ब्रुअर्स'ला आलो.

पॅट्रिशियात बसायला जागा नाही. सगळे उभ्याने कॉफी पितात, कोणी आत, कोणी बाहेर बोळात. कॉफीचे प्रकारही तीनच: काळी, दुधाची आणि फिल्टर. यातली फिल्टर म्हणजे आपली दाक्षिणात्य डिकॉक्शनवाली नव्हे. भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतून कागदातून गाळलेली, दूध-साखर नसलेली. रांग दारातून बाहेर आली होती, तरी कुणाची चुळबुळ नव्हती, कारण रांग झपाझप सरकत होती. वहिनींनी तोंड उघडायच्या आत काउंटरमागच्या मुलीने त्यांची कॉफी लिहूनसुद्धा घेतली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमचे पाहुणे?" एवढ्या गर्दीत तिला हे विचारावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

वहिनी ऑफिसला गेल्या आणि मी त्याच रस्त्याने पूर्वेकडे निघालो. थोडं पुढे गेलं की एक अरुंद दुकान लागतं. मान वर केली की छताला उलट्यासुलट्या टांगलेल्या लाकडी खुर्च्याच खुर्च्या दिसतात. दुकानाचं नाव 'ब्रदर बाबा बुदान'. परक्या देशात, रस्त्याच्या कडेला चिकमगळूरच्या बाबा बुदानांचं नाव वाचून मी तिथेच थबकलो.

आख्यायिका अशी आहे की सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुदान या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या. अरब व्यापारी तेव्हा रुजू शकेल असं बी देशाबाहेर जाऊ देत नसत. बाबांनी त्या सात बिया चंद्रद्रोण डोंगरावर लावल्या आणि भारतात कॉफी आली. त्या डोंगररांगेला आज बाबा बुदनगिरी म्हणतात. दत्तपीठ म्हणून तिथे जाणारे आपले लोकही आहेत. मेलबर्नमधल्या या दुकानवाल्यांचंच कार्लटन भागात दुसरं मोठं दुकान आहे, त्याचं नाव 'सेव्हन सीड्स'. म्हणजे संतही इथे आणि त्याच्या सात बियाही इथेच.

काउंटरवरच्या मुलाला मी सांगितलं की तो डोंगर माझ्या घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. त्याने हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "तिथे आता कॉफी कोण पिकवतं? सावलीत वाढवतात ना?" मी म्हटलं, हो, सिल्व्हर ओकच्या आणि जुन्या जंगली झाडांच्या सावलीत. त्यावर मिरीचे वेल चढवलेले असतात. त्याला हे सगळं ऐकायचं होतं. मागे गिऱ्हाईक उभं राहिलं म्हणून मीच बाजूला झालो.

या शहराला कॉफीचं वेड लावलं ते मुळात इटालियन लोकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून हजारो कुटुंबं मेलबर्नला आली. दाबाने गरम पाणी सोडून दाट कॉफी काढणारी एस्प्रेसोची यंत्रं त्यांच्या पाठोपाठ आली. लिओ आणि विल्डो पेलेग्रिनी या भावांनी १९५४ मध्ये उघडलेला 'पेलेग्रिनीज एस्प्रेसो बार' बर्क स्ट्रीटच्या वरच्या टोकाला आजही आहे. लाल गाद्यांची उंच स्टुलं, आरशाच्या भिंती, समोर पांढऱ्या शर्टातले वाढपी. कॉफी गडद भाजलेली, जुन्या वळणाची. नव्या दुकानांच्या मापाने ती कदाचित कडवट ठरेल. मला मात्र ती आवडली, कारण ती पिताना या गावाची सवय कुठून सुरू झाली ते जिभेला कळतं. सिस्तो मालास्पिना यांनी १९७४ पासून भागीदारासोबत हा बार चालवला. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी बर्क स्ट्रीटवरच्या हल्ल्यात ते मारले गेले, तेव्हा दारात फुलांचा ढीग लागला आणि राज्य सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. एका कॉफीवाल्याला! मी तिथे कॉफी घेत असताना शेजारच्या स्टुलावरच्या आजोबांनी आपणहून त्यांची आठवण काढली. रोज येणाऱ्या प्रत्येकाला सिस्तो जातीने दोन शब्द बोलायचे, म्हणाले.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली की स्टारबक्सचं इथे काय झालं तेही समजतं. २००० साली कंपनी ऑस्ट्रेलियात आली, भराभर दुकानं थाटली आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ बंद केली. लोकांना आधीच नाक्यानाक्यावर त्याहून चांगली कॉफी मिळत होती, तीही नाव घेऊन बोलावणाऱ्या माणसाकडून. मग कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी ११ नंबरची ट्राम पकडून फिट्झरॉयला गेलो. ब्रन्सविक स्ट्रीटच्या आतल्या एका गल्लीत जुन्या गोदामात थाटलेलं दुकान होतं. नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाईक मी एकटाच. बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारी मुलगी म्हणाली, "पाच-दहा मिनिटं थांबाल का? अजून ग्राइंडरचं दळण जुळलं नाहीये." मी आनंदाने थांबलो. पुढे जे पाहिलं ते माझ्या लेखी या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं.

तिने छोट्या वजनकाट्यावर १९ ग्रॅम पूड मोजली. हँडलच्या चाळणीत ती बोटाने सारखी केली, वरून दाबली आणि यंत्राला अडकवली. खाली कप, कपाखाली पुन्हा काटा, शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ. तिला साधारण ३० सेकंदांत ३८ ग्रॅम कॉफी उतरायला हवी होती. पहिली धार २२ सेकंदांतच भसकन आली. तिने घोट घेतला, मलाही दिला. आंबट आणि पाणचट. पूड भरड राहिली होती, त्यामुळे पाणी चव न घेताच निसटलं होतं. दळण किंचित बारीक केलं. आता धार थेंबथेंब, ४० सेकंदांच्या पुढे, चव जिभेवर राखेसारखी. ओतून दिली. ग्राइंडरची कड अगदी केसभर मागे फिरवली. या वेळी मधासारखी एकसंध तांबूस धार उतरली. तिने चाखलं, मान हलवली आणि माझ्यापुढे कप ठेवला. तीच पूड, तेच पाणी, पण आता आधी संत्र्याच्या सालीचा वास आणि मागाहून गुळासारखी गोडी.

"हे रोज करता?" मी विचारलं.

"रोज सकाळी. आणि दुपारी हवा बदलली की पुन्हा." मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू होतात असं इथले लोक म्हणतात. हवेतला ओलावा बदलला की पुडीतून पाणी जायचा वेग बदलतो. भाजल्यापासून किती दिवस झाले यावरही दळण ठरतं. ओतून दिलेल्या त्या दोन कपांचे पैसे दुकान सोसतं, पण बेचव कप गिऱ्हाइकापुढे जात नाही. ही मुलगी शिक्षण चालू असताना तात्पुरतं काम करणारी नव्हती. आठ वर्षं हेच करते आहे आणि पुढेही हेच करायचं आहे, असं तिने सांगितलं. या शहरात बरिस्ता हा मानाचा पेशा आहे. २०२२ ची जागतिक बरिस्ता स्पर्धा मेलबर्नमध्येच झाली आणि ती जिंकली ती मेलबर्नच्याच 'ॲक्सिल कॉफी रोस्टर्स'च्या अँथनी डग्लसने.

तिनेच मला 'मॅजिक' पाजली. ही खास मेलबर्नची. त्याच पुडीत कमी पाणी सोडून काढलेला जास्त दाट अर्क, छोटा कप, आणि 'फ्लॅट व्हाइट' या दुधाच्या कॉफीत असतं तसंच मऊ फेसाचं दूध, पण कप पाऊण भरेल इतपतच. दूध बेताचं असल्यामुळे कॉफी बुडत नाही. दूध ६० अंशांच्या फार पुढे तापवत नाहीत, म्हणून त्याची स्वतःची गोडी टिकते. साखरेचा विचारही मनात येत नाही. चहात दोन चमचे साखर घेणारा माणूस हे सांगतो आहे.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट हा १८७८ पासूनचा बाजार. त्याच्या कडेला 'मार्केट लेन कॉफी'चं दुकान आहे. तिथे एक फिल्टर घेतली आणि फळीवरच्या पिशव्या वाचत बसलो. देश, प्रांत, पिकवणाऱ्याचं नाव, बागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, फळ कसं धुतलं-वाळवलं ते. स्पेशालिटी कॉफी म्हणजे नेमकं काय, तर जाणकारांनी चाखून १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण दिलेली कॉफी. ही झाली व्याख्या. मला विचाराल तर खरी गोष्ट त्या पिशवीवरच्या नावात आहे. कोलंबियातल्या उइला प्रांतातल्या डोंगरावर दोन एकर बाग असलेल्या शेतकऱ्याचं नाव इथला गिऱ्हाईक वाचतो, पुढच्या हंगामात त्याचीच कॉफी आली का म्हणून विचारतो, आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो.

आपल्याकडे चिखलदऱ्याला कॉफी होते. सातपुड्यातली, अमरावती जिल्ह्यातली. महाराष्ट्रातल्या किती घरांत ती कुणी चाखली असेल? पुण्यामुंबईत आता स्वतः कॉफी भाजणारी चांगली दुकानं निघाली आहेत, त्यांच्या पिशव्यांवर चिकमगळूर-कोडगूच्या बागांची नावं छापलेली असतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या फळीवर चिखलदऱ्याची पिशवी दिसावी अशी माझी फार इच्छा आहे.

जाणार असाल तर थोडं कामाचं. ही दुकानं सकाळी सातला उघडतात आणि दुपारी तीन-चारला बंद होतात, तेव्हा "संध्याकाळी निवांत कॉफी प्यायला जाऊ" हा बेत इथे जमत नाही. सिटीच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, पण फिट्झरॉयला जायला तिकिटाचं 'मायकी' कार्ड लागतं. कपाला पाच-सहा डॉलर धरून चाला. स्वतःचा कप सोबत ठेवा. पुन्हा वापरायचा 'कीपकप' २००९ मध्ये याच शहरातल्या, स्वतः कॅफे चालवणाऱ्या बहीण-भावाने बाजारात आणला आणि काउंटरवर तो पुढे केला की कुणी चकित होत नाही. कॉफी विकत आणायची असेल तर पिशवीवर भाजल्याची तारीख बघून, आठवड्याभरात भाजलेली घ्या, दळून न घेता बियाच घ्या. आणि दुकान नुकतंच उघडलेलं असेल, बरिस्ता अजून ग्राइंडर लावत असेल, तर पाच-दहा मिनिटं जरूर थांबा.