तुम्ही विचारलंत म्हणून: रशियन सांडव्यांचं इंग्रजी

"रशियन येतं, इंग्रजी येतं, डिक्शनरी आहे, मग धरणाच्या कागदांच्या भाषांतराला एवढा वेळ का लागतो?" हे मला जवळजवळ प्रत्येक क्लायंट विचारतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

शब्द सापडतो हो, पण ड्रॉइंग बघितल्याशिवाय तो लिहायचा कसा हे कळत नाही. वदास्ब्रोस म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी अख्खी व्यवस्था, आपला सांडवा, इंग्रजीत स्पिलवे, तिथे अडत नाही. अडतं वदास्लीवपाशी. ज्या माथ्यावरून पाणी मोकळं ओसंडतं तो वदास्लीव, मग कालव्यात पाणी मोजायला बसवलेली पातळ पत्र्याची वियर, म्हणजे छोटा आडवा बांध, असो की धरणाचाच ओसंडणारा भाग, रशियनला एकच शब्द पुरतो, इंग्रजीला नाही पुरत. त्यात 'प्राक्टीचेस्की प्रोफील'चा, शब्दशः 'व्यावहारिक आकारा'चा, वदास्लीव आला की बरेच जण डोळे मिटून ओजी लिहितात. ओजी म्हणजे पाण्याच्या धारेखाली नीट बसणारा गोलसर उतार. पण रशियन पुस्तकांत याच नावाखाली सरळ कडांचे, कोपरे असलेले आकारही येतात! म्हणून मी आधी सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, मागवते, वळण बघते आणि मगच लिहिते.

येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया धरणाला नंतर एक वेगळा सांडवा बांधला, उजव्या काठाच्या डोंगरातून दोन बोगदे आणि पुढे पाच पायऱ्यांनी खाली उतरणारं पाणी, 2011 मध्ये पूर्ण झाला. त्याचं नाव बेरेगावोय वदास्ब्रोस. बेरेग म्हणजे काठ, नदीचाही आणि समुद्राचाही, त्यामुळे इंग्रजीत सर्रास 'कोस्टल स्पिलवे' छापलेलं दिसतं. अहो, सायबेरियाच्या दक्षिणेला कुठला आलाय समुद्र! ते वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण इतकं मोठं काम आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र.

हा सांडवा का लागला तेही त्याच कागदांत असतं. धरणाच्या पायथ्याशी पाण्याचा जोर जिरवणारा हौद 1985 आणि 1988 च्या पुरात फुटला होता. त्या हौदाला रशियनमध्ये वदाबोयनी कालोदेत्स म्हणतात. कालोदेत्स म्हणजे विहीर, आणि सुरुवातीच्या एका कामात मी 'वेल' लिहून मोकळी झाले होते. तिकडच्या इंजिनिअरचा फोन आला, धरणाखाली विहीर कशाला खणली म्हणून. तेव्हापासून 'स्टिलिंग बेसिन' लिहिण्याआधीसुद्धा मी नकाशात तो खोलगट भाग बोटाने शोधते.