खिरापतीचा डबा

हस्त नक्षत्र लागले, की परळच्या आमच्या चाळीत मंडळाच्या फलकावर खडूने हादग्याची तारीख लिहिली जाई आणि त्या दिवसापासून आईच्या हालचालींना एक वेगळीच लगबग येई. चाळीत गणपती बसत, माघात सत्यनारायण होई, कोजागिरीला गच्चीवर दूध आटे. पण ते सगळे सण सर्वांचे होते आणि हादगा मात्र आईचा होता, असे आम्हां भावंडांना नेहमी वाटत आले. कोकणातल्या शेजारणी त्याला भोंडला म्हणत, विदर्भातून आलेले एक कुटुंब भुलाबाईच्या आठवणी काढी. आई साताऱ्याकडची, त्यामुळे तिच्या तोंडी शेवटपर्यंत हादगाच राहिला.

गावाकडे हा खेळ सोळा दिवस चाले. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा. गिरणगावातल्या बायकांना सोळा संध्याकाळी कुठून मिळणार? म्हणून मंडळाने एकच रविवार ठरवला होता. आईने ती तडजोड मान्य केली, पण सोळाच्या सोळा गाणी त्या एकाच संध्याकाळी झाली पाहिजेत, ही तिची अट होती आणि ती कधी मोडली गेली नाही. पाटावर रांगोळीने हत्ती काढला जाई, त्याच्याभोवती मुली हात धरून फेर धरत, आणि आई फेराच्या बाहेर, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून एखाद्या मुलीचे शब्द अडले की ते हळूच पुरवी. हस्ताचा पाऊस, ज्याला ती हत्तीचा पाऊस म्हणे, अनेकदा ऐन फेराच्या वेळीच कोसळे. मग पाट उचलून सगळ्यांनी व्हरांड्यात यायचे, आणि अडलेले गाणे जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करायचे.

तिचे रोजचे आयुष्य कसे होते, हे सांगितल्याशिवाय या एका संध्याकाळचे मोल कळणार नाही. वडील गिरणीत कामाला, पण पाच मुलांच्या घराला त्यांचा पगार पुरत नसे, म्हणून आई खाणावळ चालवी. गावाकडे बायकामुले ठेवून आलेले अठरा-वीस कामगार आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे जेवून जात. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी त्यांची भाकरी तयार हवी, म्हणून ती पहाटे चारला उठे, आणि दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्री परतल्यावर त्यांचे ताट वाढूनच आडवी होई. गिरणगावात अशा असंख्य बायका होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा आपल्या कामाला काम म्हणणारे कुणीतरी भेटले, याचाच आईला अधिक आनंद झाला होता. गिरणगावाचा इतिहास लिहिताना गिरण्या, पुढारी आणि संप यांच्यावर पाने भरतात. त्या कामगारांना वीस-वीस वर्षे जेवू घालणाऱ्या बायकांना मात्र तिथे फार थोडी जागा मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हादग्याच्या दिवशी खिरापत करण्याचा मान तिने स्वतःकडे घेतला होता. डबा हलवून, वासावरून, आंबट की गोड, तळलेले की उकडलेले, असे प्रश्न विचारून मुलींनी आतला पदार्थ ओळखायचा आणि ओळखता आला नाही तरच झाकण उघडायचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आईने त्यात स्वतःची भर घातली होती. डब्याच्या आत ती जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा लावी, त्यामुळे कितीही हलवले तरी आवाज येत नसे. करंज्या, कडबोळी, साटोऱ्या, वाटली डाळ हे सगळे तिने त्या डब्यातून वाटले आणि कुणाला ते सहजासहजी ओळखू दिले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. हादगा आला तोवर आठ महिने उलटून गेले होते. जेवायला येणारे बहुतेक कामगार गावी परतले होते, त्यांच्याकडची उधारी वहीत तशीच होती, आणि ती मागायला आई कुणाच्या दारी गेली नाही. मंडळानेही त्या वर्षी वर्गणी काढली नाही. हादगा होणार नाही असे सर्वांनी धरून चालले असताना आईने स्वतःच फलकावर तारीख लिहून घेतली.

त्या संध्याकाळी डबा नेहमीसारखाच मुलींच्या हातांतून फिरला. लाडू, वड्या, चिवडा, शंकरपाळे, सगळी नावे घेऊन झाली. गोड आहे, तळलेले नाही, इतकेच आई सांगत राहिली. शेवटी हार मानल्यावर झाकण उघडले, तर आत मलिद्याचे लाडू होते. रेशनच्या गव्हाच्या चपात्या कुस्करून, गूळ घालून वळलेले. ज्या घरी चपाती उरेल त्या घरी सकाळी सहज होणारा तो पदार्थ. त्याचे नाव खिरापतीत घ्यावे, हे कुणाला सुचलेच नाही. प्रत्येकीला एकेकच लाडू मिळाला. आईने स्वतःसाठी ठेवला नव्हता, हे मला फार उशिरा, स्वतः आई झाल्यावर उमगले.

पुढे नातवंडे झाली. खाणावळ बंद झाली. चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही काही वर्षे संक्रमण शिबिरात काढली, तिथल्या अरुंद बोळातही हादगा झाला. नव्या इमारतीत मंडळाला प्रशस्त सभागृह मिळाले, तरी ऐंशीच्या घरातली आई उद्वाहनातून डबा घेऊन खाली येई, आणि नाती तिच्याकडून एकेक गाणे शिकत. हल्ली अनेक ठिकाणी खिरापतीची बंद पाकिटे विकत आणून वाटतात, ते मला पटत नाही. ओळखण्याचा खेळच त्यातून नाहीसा होतो.

गेल्या श्रावणात आई गेली. हस्त लागल्यावर माझ्या मुलीने मला न विचारता आजीचा डबा काढला, आत लुगड्याचा तुकडा नीट अंथरला आणि मलिदा वळला. सभागृहात मुलींनी डबा हलवला, कानाला लावला, केक आणि चॉकलेटपर्यंत सगळी नावे घेऊन पाहिली. जुन्या चाळीतल्या आम्ही चौघी भिंतीपाशी खुर्च्यांवर बसलो होतो. डबा आमच्या जवळून गेला तेव्हा गुळाचा वास आला आणि चौघींनाही आतला पदार्थ कळला. एकीने माझा हात घट्ट धरला. मुलींनी हार मानेपर्यंत आमच्यापैकी कुणीही त्याचे नाव घेतले नाही.