घरच्या लॅपटॉपवर गुरुत्वाकर्षणाची चाचणी: माझा अनुभव

सुधारित गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत तपासायला महासंगणकच लागतो असं नाही. दीर्घिकांच्या वेगांवरून मोजलेला ‘एफ-सिग्मा-आठ’ (गुठळ्या वाढण्याचा दर एफ गुणिले त्या गुठळ्यांची तीव्रता सिग्मा-आठ) एवढाच डेटा घेतला, तर नागपुरात घरी बसून पायथनमध्ये काम भागतं.

मी म्यू हा एकच गुणक तपासला: वस्तुमानाच्या गुठळ्या वाढवणारं गुरुत्व न्यूटनच्या स्थिरांकाच्या किती पट आहे. म्यू म्हणजे १ अधिक म्यू-शून्य गुणिले डार्क एनर्जीचा (विश्वाचा विस्तार वेगवान करणाऱ्या ऊर्जेचा) त्या काळातला आणि आजचा वाटा यांचं गुणोत्तर. म्यू-शून्य हाच शोधायचा आकडा; तो ० आला की आइन्स्टाइनची सामान्य सापेक्षता शाबूत. गुरुत्वलहरींचा आजचा वेग बदलणारी मॉडेल्स धरलीच नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ ला सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून लहरी आल्या आणि मागोमाग १.७ सेकंदांत गॅमा किरण; म्हणजे लहरींचा वेग प्रकाशाइतकाच, आणि तिथेच त्या मॉडेल्सचा निकाल लागला.

गुठळ्यांच्या वाढीचं समीकरण ‘लॉग ए’मध्ये (ए म्हणजे विश्वाचा आकार, आजचा १ धरून) लिहून ए = ०.००१ पासून सोडवायचं. सुरुवातीला डेल्टा (सरासरीपेक्षा घनता किती जास्त) आणि त्याचा उतार दोन्ही ए इतके. प्रारण वगळलं तरी चालतं, पुढे गुणोत्तरच घ्यायचंय. म्यू-शून्य ० आणि द्रव्याचा वाटा ०.३१५ ठेवल्यावर आजचा वाढ-गुणक (म्हणजे आजचा डेल्टा) ०.७९ च्या आसपास आणि एफ ०.५३ आला पाहिजे. नाही आला, तर हबलच्या, म्हणजे विश्वाच्या विस्तारदराच्या, अवकलाचं चिन्ह तपासा.

खरी गोम सिग्मा-आठमध्ये आहे. प्लँक उपग्रहाचा ०.८११ हा आकडा थेट मोजलेला नाही. आदिविश्वातल्या चढउतारांचं मोजमाप सामान्य सापेक्षतेच्या वाढीने आजपर्यंत आणून तो काढलाय. तोच आकडा म्यू बदललेल्या मॉडेलमध्ये जसाच्या तसा ठेवला, तर जो सिद्धांत तपासायचा तोच आधी गृहीत धरल्यासारखं होतं. म्हणून दोन्ही मॉडेल्स ए = ०.००१ ला एकाच उंचीवर जुळवायची आणि ०.८११ ला नव्या मॉडेलचा डेटाबिंदूच्या काळातला वाढ-गुणक भागिले जुन्याचा आजचा, याने गुणायचं. एवढ्या एका ओळीने उत्तर बरंच हलतं.

डेटाचेही दोन सापळे आहेत. विगलझेड या दीर्घिका-सर्वेक्षणाचे ०.४४, ०.६० आणि ०.७३ रेडशिफ्टचे (प्रकाश किती ताणला गेला, त्यावरून किती जुना काळ ते कळतं) तीन बिंदू एकमेकांशी निगडित आहेत. सहप्रसरण सारणी (बिंदूंच्या चुका एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत ते सांगणारा तक्ता) न वापरता नुसत्या चुकांच्या दांड्या (एरर बार) घेतल्या की निष्कर्ष उगाच नेमका दिसतो. शिवाय प्रत्येक सर्वेक्षणाने अंतरं काढताना आपापलं विश्व-मॉडेल धरलेलं असतं, तेव्हा हबल आणि कोनीय अंतर यांच्या गुणाकाराच्या गुणोत्तराने दुरुस्ती करावी लागते. बरेच जण ती सोडतात, ते मला पटत नाही.

म्यू-शून्यच्या शक्य किमतींचे नमुने एकामागोमाग घेणाऱ्या साखळीसाठी, म्हणजे चेनसाठी, एमसी (emcee) हे पायथनचं पॅकेज ३२ वॉकर (एकाच वेळी नमुने शोधणारे) घेऊन चालवलं. प्रोसेस अनेक असतील तर प्रत्येकीला एकच थ्रेड द्या, नाहीतर त्या एकमेकींच्या पायात येतात. नवतप्यात लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो आणि लाइटही केव्हा जाईल सांगता येत नाही. म्हणून चेन एचडीएफ फाइलमध्ये सतत साठवायची, म्हणजे तिथूनच पुढे सुरू होते. चेनची लांबी सहसंबंध-काळाच्या (किती पावलांनी नमुना आधीच्यापासून स्वतंत्र होतो) ५० पटींहून जास्त झाल्याशिवाय आलेख काढू नका, आणि द्रव्याच्या वाट्याला प्लँकची मर्यादा घाला. ती नसली तर म्यू-शून्य आणि तो वाटा एकमेकांना सांभाळून घेतात आणि लांबुळका पट्टा तेवढा हाती येतो.