ताई ची करायची असेल तर आधी उभं राहायला शिका

मला बरेच जण विचारतात की मॅडम तुम्ही सकाळी गच्चीवर हात वर करून काय करताय, योगा का? तर योगा नाही, चीगाँग आहे, चीनमधल्या ताओ पंथातून आणि तिथल्या जुन्या वैद्यकातून आलेला व्यायाम. ताई ची म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, ती मी शिकले पुण्यात असताना, नंतर बदली होऊन परभणीला आले आणि इथं कुणी शिकवणारं नाही म्हणून एकटीच करत राहिले. आणि एकटीनं करतानाच मला कळलं की ताई चीचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, नुसता पाठ असून भागत नाही. बोअरला पाणीच नसलं तर मोटर कितीही भारी बसवा, काय उपयोग? ते पाणी म्हणजे चीगाँग, असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात आधी जान जुआंग, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. बघणाऱ्याला वाटतं ही बाई काहीच करत नाहीये. पण करून बघा. पाय खांद्याएवढे लांब, बोटं समोर, गुडघे नुसते सैल सोडायचे, खाली बसायचं नाही, माकडहाड खाली सोडायचं, जीभ टाळूला, काखेत अंडं मावेल एवढी जागा आणि हात छातीसमोर झाडाला कवळ घातल्यासारखे. दोन-तीन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात आणि खांदे आपोआप वर सरकतात, आपल्याला पत्तापण लागत नाही. मग श्वास सोडताना खांदे सोडायचे, परत सरकतात, परत सोडायचे, हेच काम. लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर ठेवायचं, त्याला ते दानतियन म्हणतात. मी शाळेत दिवसभर फळ्यापुढं उभी असते, संध्याकाळी कंबर धरायची, आता तेवढी धरत नाही कारण उभं राहताना एका पायावर लटकायची सवय मोडली.

याचा ताई चीला उपयोग काय तर वजन कुठल्या पायावर आहे हे कळायला लागतं. ताई चीमधे एक पाय भरलेला आणि दुसरा रिकामा असतो, आणि सगळी हालचाल कमरेतून निघून हातात जाते. पाय कच्चे असले की माणूस हातानंच सगळं करतो, दिसायला छान दिसतं पण आत काही नसतं.

दुसरं म्हणजे बादुआनजिन, आठ हालचालींचा संच, हा सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. दोन्ही हात आकाशाकडं रेटणं, धनुष्य ओढल्यासारखं करणं, मान वळवून मागं बघणं, आणि शेवटी टाचा उचलून हलकेच टेकवणं. फार जुना आहे हा प्रकार. १९७३ मधे हुनान प्रांतात मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर काढलेलं व्यायामाचं चित्र सापडलं, एकवीसशे वर्षांपेक्षा जुनं, त्यात ४४ माणसं वेगवेगळ्या आसनांत आहेत आणि त्यात बायकाही आहेत, हे मला लई आवडतं. बादुआनजिन त्यानंतरचं, पण घराणं तेच.

आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, पंढरीच्या वाऱ्या आणि आयुष्यभर रानातली कामं. त्यांना म्हणलं, आत्या तुम्ही खुर्चीत बसून पहिल्या तीन हालचाली करा, जमेल तेवढंच. पहिल्यांदा म्हणाल्या, "हे काय बाई, हात वर करून कोणाला बोलवायलीस?" आता मी खाली यायच्या आधी खुर्ची अंगणात काढून ठेवतात. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण उठताना आधी भिंत चाचपायच्या ते कमी झालंय. तोल सुधारतो हे नुसतं माझं म्हणणं नाही, २०१२ मधे अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ पेशंटवर २४ आठवडे अभ्यास झाला, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगला राहिला आणि ते पडलेही कमी.

आता 'ची' म्हणजे ऊर्जा, ती हातातून निघून रोग बरे करते वगैरे जे सांगतात त्यांच्या मागं लागू नका. हात गरम होतात, मुंग्या येतात, हे मलाही होतं, पण त्यासाठी पैसे मोजून शिबिराला जायची गरज नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवा. आणि गुडघा दुखत असेल तर खोल बसू नका, व्हिडिओत तरुण पोरं बसतात तेवढं आपल्याला बसायचं नाहीये, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत वळला की वाट लागते.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमधे आमच्याकडं साडेसहालाच ऊन लागायला लागतं, तेव्हा पाचला उठा नाहीतर घरात पंखा लावून करा, पण पंखा अंगावर थेट घेऊ नका, घाम आलेला असतो. जेवणावर करू नका. रोज पंधरा मिनिटं पुरेत, आधी उभं राहणं, मग बादुआनजिन, मग फॉर्म. मी येत्या दिवाळीच्या सुट्टीत ताई चीच्या चेन घराण्यातले 'रेशीम गुंडाळण्याचे' व्यायाम, म्हणजे गोल गोल वळणाच्या हालचाली, नीट बसवणार आहे, कंबर आणि खांद्याचा सांधा जोडायला ते लागतात. परभणीत कुणाला सोबत करायचं असेल तर सकाळी या, जागा आहे.