आरसी बुकातलं साल आणि लोखंडावरचं साल

सातारा-सांगलीकडे जुनी मोटारसायकल विकायला निघाली की सौदा हमखास सालावर अडतो. मालक म्हणतो बावन्नची, घेणारा म्हणतो साठच्या पुढची, आणि दोघंही बोट ठेवतात आरसी बुकावर. पण बुकातलं साल बऱ्याचदा नोंदणीचं असतं. गाडी त्या तारखेच्या आधीची आहे, एवढंच त्यावरून कळतं. किती आधीची, ते कळत नाही. लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतून आलेली गाडी तर आधी तिकडे वर्षानुवर्षं पळते आणि मग पहिल्यांदा पासिंगला जाते. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: आधी फ्रेम, मग इंजिन, मग सुटे भाग, आणि कागद सगळ्यांत शेवटी.

हँडलची दांडी ज्या नळीतून जाते तो हेडस्टॉक. बहुतेक गाड्यांचा चेसिस नंबर, म्हणजे फ्रेमवर ठोकलेला नंबर, तिथेच असतो. काही ब्रिटिश गाड्यांत तो सीटखालच्या सांध्यावर सापडतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, सिलिंडर जिथे बसतो त्याच्या आसपास. पन्नास वर्षांत रंगाचे चार-पाच थर चढलेले असतात, ते काढताना घाई नको. पेंट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि डिझेल लावून पितळी ब्रशने पुसा. ग्राइंडर, लोखंडी तारेचा ब्रश आणि सँड ब्लास्टिंग या तिन्ही गोष्टी नंबरापासून लांब ठेवा. एकदा अंकांच्या कडा बोथट झाल्या की खरा नंबर कुठला आणि पुन्हा मारलेला कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही.

जागा साफ झाली की टॉर्च तिरपा धरून बघा. समोरून उजेड टाकला तर अंक सपाट दिसतात, बाजूने टाकला की खोली दिसते. कारखान्यातले अंकसुद्धा पुष्कळदा हाताने ठोकलेले असायचे, त्यामुळे ओळ थोडी वाकडी दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. संशयाच्या खुणा वेगळ्या असतात. नंबराची जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट लागते, बोट फिरवलं की कळतं. कानशीच्या बारीक समांतर रेघा दिसतात. एका अंकाच्या पोटात दुसऱ्या अंकाची पुसट रेघ उरलेली असते. एकाच नंबरात दोन वेगळ्या वळणांचे ३ किंवा ८ येतात. चेसिस नंबर असा खोडलेला असेल तर गाडी कितीही देखणी असो, घेऊ नका. आणि गंजून पुसट झालेला नंबर स्वतः ठोकून ठळक करायला जाऊ नका. तपासणीत तो छेडछाड म्हणूनच धरला जाईल.

चेसिस आणि इंजिनचा नंबर जुळला नाही की लोक घाबरतात. पण जुन्या बीएसए आणि मॅचलेस या ब्रिटिश गाड्यांमध्ये हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे असायचे. लष्करी गाड्यांची तर वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलिंगच्या वेळी इंजिनं सर्रास अदलाबदल व्हायची. म्हणून नंबर जुळण्यापेक्षा दोन्हीचा काळ जुळतो का, ते बघा.

काळ सांगतात ती नंबरापुढची अक्षरं. बीएसएच्या साइड-व्हॉल्व्ह एम-२० वर 'के-एम-२०' असेल तर १९३९चं मॉडेल, 'डब्ल्यू-एम-२०' असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. युद्धानंतरच्या मॅचलेसमध्ये तर सालच छापलेलं असतं: '४८/जी३एल' म्हणजे १९४८चं जी३एल. रेडिचच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या रॉयल एनफिल्ड कारखान्याच्या ३५० बुलेटच्या इंजिनावर 'जी२' येतं, पण ते मॉडेलचं चिन्ह आहे, सालाचं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटिश कारखान्यांचं मॉडेल-वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हायचं. १९४८चं मॉडेल १९४७च्या शेवटी तयार झालेलं असू शकतं, यात फसवाफसवी काही नाही.

अक्षरं वाचता आली नाहीत तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजा. हेड काढलेलं असेल तेव्हाच हे नीट जमतं. बोअर आणि स्ट्रोक सेंटिमीटरमध्ये घ्या, बोअरचा वर्ग करा, त्याला स्ट्रोकने आणि मग ०.७८५ने गुणा, सीसी निघते. बुलेट ३५०चं माप ७० गुणिले ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. बीएसए बी-३१ चं ७१ गुणिले ८८, मॅचलेस जी३एलचं ६९ गुणिले ९३. तिन्ही 'साडेतीनशे'च, पण मापं निराळी. बीएसए एम-२० चं ८२ गुणिले ९४, नॉर्टन १६-एचचं ७९ गुणिले १००, जावा २५०चं ६५ गुणिले ७५. बोअर किंचित मोठा आला तर पिस्टनच्या माथ्यावर बघा. सिलिंडर झिजल्यावर तो घासून मोठा करतात, म्हणजे रिबोअर करतात, आणि मोठा पिस्टन बसवतात. ब्रिटिश पिस्टनवर हा वाढीव आकार (ओव्हरसाइज) इंचाच्या हजाराव्या भागांत असतो. ०६० म्हणजे जवळपास दीड मिलिमीटर. तेवढा वजा करून हिशेब करा. स्ट्रोक मात्र रिबोअरने बदलत नाही, म्हणून संशय आला तर स्ट्रोकच्या मापावर विश्वास ठेवा.

गाडीचा देश कुठला, हे ओळखायला माझ्या मते सगळ्यांत भरवशाचे आटे. टाकीवरचा बिल्ला पाचशे रुपयांत बदलतो, क्रँककेसमधले आटे कोणी बदलत नाही. ब्रिटिश गाडीत इंचाचे आटे: व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकलछाप सीईआय. जावा, राजदूत आणि जपानी गाड्यांत मिलिमीटरचे. मद्रासची बुलेट रेडिचच्याच नकाशांवर निघाल्याने ती इंचाच्या आट्यांवरच राहिली. हार्डवेअरच्या दुकानात थ्रेड गेज, म्हणजे आटे तपासायच्या दातेरी पट्ट्या, मिळतो. ५५ अंशांचा आणि ६० अंशांचा असे दोन्ही घ्या, कारण व्हिटवर्थ आणि बीएसएफचा कोन ५५चा, सीईआय आणि मेट्रिकचा ६०चा.

मिरजेपासून कराडपर्यंतचे जुने लेथवाले अजून सुतात बोलतात: अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. खरी गडबड याच मापात होते. अडीच सुताचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि एम-८, म्हणजे आठ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा ८. हाताला दोन्ही बोल्ट सारखेच लागतात. पण एका इंचात व्हिटवर्थचे १८ आटे, बीएसएफचे २२, सीईआयचे २६ आणि एम-८ चे सव्वा मिलिमीटरच्या पिचने (दोन आट्यांमधल्या अंतराने) साधारण २०. कोणी तरी एम-८ चा बोल्ट पान्याने रेटून बसवतो, दोन-तीन फेरे तो जातोही, आणि ॲल्युमिनियमच्या केसमधले मूळ आटे खरवडून निघतात. म्हणून गेज बाहेरच्या बोल्टला लावून भागत नाही, तो कधीही बदललेला असेल. आतल्या, सहसा न उघडणाऱ्या स्टडला (डोकं नसलेल्या, केसमध्ये बसवलेल्या बोल्टला) लावा. केसमध्ये एखाद-दुसरं भोक मेट्रिक आणि बाकी सगळी बीएसएफ निघाली, तर गाडी ब्रिटिश आहे आणि तिची दुरुस्ती वाईट झालेली आहे, असं समजा.

यानंतर सुटे भाग. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या मॅग्डायनो, डायनमोवर (ठिणगी आणि वीज तयार करणाऱ्या भागांवर) पुष्कळदा महिना-साल ठोकलेलं असतं, '८ ५२' असं. भागाची तारीख गाडीच्या सालाच्या दोन-चार महिने आधीची असेल तर जोडी पक्की जमते. नंतरची असेल तर भाग बदललेला आहे, एवढंच. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ची, त्यामुळे ते नाव असलेला भाग त्याआधीचा असूच शकत नाही. ॲमलचा मोनोब्लॉक कार्बोरेटर १९५५च्या सुमारास आला, कॉन्सेंट्रिक १९६७ला. चिमट्यानेही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कनेही अंदाज येतो: मॅचलेस जी३एलला टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) १९४१पासून, बीएसए एम-२० ला १९४८पासून, त्याआधी गर्डर, म्हणजे बाहेर स्प्रिंग असलेला जुना चिमटा. पण चिमटा निघतो आणि बसतो, म्हणून एकट्या त्याच्यावर साल ठरवू नका.

'इंग्लंडची बुलेट' हा आपल्याकडचा सगळ्यांत महागडा दावा. मद्रासला १९५५पासून बुलेट जुळू लागली ती रेडिचहून आलेल्या सुट्या भागांवर. म्हणजे भागांवर 'मेड इन इंग्लंड' असूनही गाडी मद्रासची असू शकते. जावाचंही तेच. आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९६१ला सुरू झाला, त्याआधीच्या जावा थेट चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या. पण सुरुवातीच्या म्हैसूर गाड्यांतही चेक भाग आहेतच. टाकीवर येझदी आलं ते सत्तरच्या दशकात. राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून आलेली, पुढच्या लीडिंग लिंक चिमट्यावरून (ज्यात चाक छोट्या आडव्या दांड्यांवर झुलतं) लांबूनच ओळखू येते. यामाहाच्या आरएक्स १००च्या पहिल्या ५,००० गाड्या १९८५-८६ मध्ये जपानहून आलेल्या किटमधून जुळल्या, म्हणून त्या 'मेड इन जपान' सिलिंडरला एवढा भाव. तो सिलिंडर सुटा विकतही मिळतो, हे पैसे मोजण्याआधी लक्षात घ्या.

सांगली-मिरजेची गाडी बघताना पुराची तपासणी वेगळी करा. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. हेडलाइटच्या वाटीत, टूलबॉक्सच्या कोपऱ्यात, टाकीखालच्या खोबणीत सुकलेला बारीक गाळ सापडतो. बाहेरून पॉलिश केलं तरी फ्रेमच्या नळ्या आतून गंजत राहतात. खालच्या नळ्या हातोडीच्या दांड्याने हलके ठोका, बद्द आवाज आला की तिथे पत्रा उरलेला नाही. अशा गाडीचे कागदही बऱ्याचदा पुरातच गेलेले असतात.

आता कागद. जुन्या बुकावर 'दक्षिण सातारा' असा जिल्हा असेल तर ती नोंद १९४९ ते १९६०मधली, कारण सांगली जिल्ह्याचं तेव्हाचं नाव तेच होतं. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थानं १९४८मध्ये विलीन झाली, तेव्हा संस्थानी नोंदीचा कागद सापडला तर तो त्याआधीचा. तीन अक्षरांनी सुरू होणारे जुने गाडी-नंबर १९८९च्या आधीचे. जुन्या गाडीवर एमएच-१०, ११ किंवा ५० दिसला तर तिची पुन्हा नोंदणी झालेली आहे आणि मूळ नंबर शोधावा लागेल. लष्करी गाडीच्या टाकीवर रंगाखाली वर टोक असलेला बाण आणि पुढे दोन आकडे सापडले, तर ते आकडे लष्करात दाखल झाल्याचं साल.

बीएसए आणि ट्रायम्फच्या कारखान्यांच्या पाठवणी-नोंदी इंग्लंडच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे आहेत. नंबराचे फोटो आणि शुल्क पाठवलं की ते सालाचा दाखला देतात.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी लागतो फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), विमा, जुनं आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद), आणि नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर अर्ज अडतो, म्हणून नवा चिमटा, नवी टाकी असले उद्योग आधी करू नका. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) गाडी रंगाला देण्याआधी दोन-तीन कागदांवर काढून ठेवा आणि रंगाऱ्याला त्या जागेवर टेप लावायला सांगा. पावडर कोटिंग चढलं की अंक बुजतात, आणि तपासणीच्या दिवशी नवा रंग खरवडावा लागतो.